जुन्या चेनसॉ जमवणं आणि परत चालू करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदाच एका जागी लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न आधी, डोकं खाणारे शेवटी. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिला असेल तर तिकडे जाऊन वाचा, एकच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही. मी कोकणातला आहे, त्यामुळे हवा, झाडं, भंगारवाले सगळे इकडचेच येणार, घाटावरच्या लोकांनी सांभाळून घ्या.

१. लाकूड कापायची जुनी मशिनं कोणी जमवतं का? त्यात काय एवढं आहे?

जमवतात की! आपल्याकडे कमी, पण जर्मनी, स्वीडन, अमेरिका, कॅनडात हा चांगला रुळलेला छंद आहे, आपल्याकडे लोक जुन्या राजदूत आणि येझदी शोधत फिरतात ना, तसंच. इतिहासही भारी आहे. आंद्रेआस स्टिलने १९२६ साली जर्मनीत श्टुटगार्टला कंपनी काढली, पहिलं मशीन विजेवर चालणारं, मग १९२९ ला पेट्रोलचं आलं, आणि ते उचलायला दोन माणसं लागायची. अमेरिकेत मॅककुलोकने १९४९ मध्ये ३-२५ नावाचं मॉडेल काढलं, २५ पौंडाचं, म्हणजे साधारण ११ किलो, एका माणसाला पेलणारं. १९५९ हे साल लक्षात ठेवा, त्या वर्षी स्टिलची काँट्रा आली, तिच्यात गिअर नव्हते, क्लचवरून थेट चेन फिरायची, आणि त्याच वर्षी हुस्कवार्नाने आपली पहिली चेनसॉ आणली. हुस्कवार्नाचा कारखाना मुळात १६८९ चा, बंदुकांचा!

मजा कशात आहे विचाराल तर, एकच सिलिंडर, एक पिस्टन, व्हॉल्व्ह नाहीत, गिअर नाहीत, सगळं मशीन एका टेबलावर मावतं आणि तरी ते का बंद पडलंय हे शोधायला डोकं लागतं.

२. दादा, पहिलं मशीन कुठलं घेऊ?

ज्याचे पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात ते. स्टिलची एमएस १८०, एमएस २५०, एमएस ३८१ ही मॉडेलं आपल्याकडे खूप चालली, त्यामुळे पिस्टनपासून स्टार्टरच्या दोरीपर्यंत सगळं मिळतं. त्यातही शिकायला ३८१ सारखं मोठं, ७२ सीसीचं मशीन बरं, आत हात जातो. १८० लहान आहे, प्लास्टिकच्या बॉडीत इंजिन बसवलेलं, पिस्टन बघायचा तरी अर्धं मशीन उघडावं लागतं.

मॅककुलोक, होमलाइट, जॉनसेरेड, पार्टनर असल्या जुन्या कंपन्यांचं काही मिळालं तर घेऊन ठेवा, पण पहिल्यांदा त्याच्यावर हात साफ करू नका. एक क्रँक सील (क्रँकच्या टोकाला हवा अडवणारं सील) शोधायला सहा महिने जातात आणि तोवर डब्यातले स्क्रू कुठले कुठे होतात.

३. मिळतात कुठे? ऑनलाइन बघितलं तर सगळी नवीनच दिसतात.

ऑनलाइन शोधूच नका, विचारत फिरा. पहिली जागा म्हणजे लाकडाची वखार आणि झाडं तोडायचे कॉन्ट्रॅक्ट घेणारे लोक, त्यांच्याकडे एखादं मशीन जाम झालं की ते कोपऱ्यात टाकतात आणि पार्ट काढायला वापरतात. दुसरी म्हणजे बागायतदार. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते अशी दोन वादळं लागोपाठ आली, नारळ-पोफळी-आंबे आडवे झाले, आणि लोकांनी मिळेल ती चेनसॉ घाईघाईत उचलली, महिना-दोन महिने वापरली आणि टाकीत पेट्रोल तसंच ठेवून माळ्यावर टाकली. ती मशिनं अजून तिथेच आहेत. आतून जवळजवळ नवीन, फक्त कार्बोरेटर चिकटलेला.

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, गावोगावचे भंगारवाले हे आहेतच. फक्त एक सांभाळा, चेनसॉ ही चोरीला जाणारी वस्तू आहे. सिरियल नंबर घासलेला असेल, किंवा विकणारा "कुठून आली" याला दर वेळी वेगळं उत्तर देत असेल तर हात लावू नका, कितीही स्वस्त असू दे.

४. घ्यायच्या आधी पाच मिनिटांत काय तपासायचं?

आधी मफलरला हात लावा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी त्यानं मशीन तापवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते सुरू व्हायला त्रास देतंय. मग स्टार्टरचं हँडल धरून अख्खं मशीन हवेत लटकवा (बार, म्हणजे चेन ज्याच्यावर फिरते ती लांब पट्टी, खालच्या बाजूला, आणि पाय लांब). चांगल्या कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबणारं मशीन थांबत थांबत, टप्प्याटप्प्याने खाली येतं. सरळ दोरी सोडत धपकन खाली आलं तर सिलिंडर गेलाय.

आता खरी तपासणी. मफलरचे दोन-तीन स्क्रू काढा, मफलर बाजूला करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि दोरी हळूहळू ओढत आत बघा. पिस्टन खाली-वर जाताना दिसतो. त्याच्या बाजूला कारखान्यात फिरवून घासलेल्या बारीक आडव्या रेषा अजून दिसत असतील तर डोळे मिटून ते मशीन घ्या. उभे ओरखडे दिसले, पिस्टनचा रंग राखाडी आणि रिंग चिकटून पिस्टनच्या सपाटीला आलेली दिसली, तर ते मशीन जाम होऊन गेलेलं आहे. विकणारा मफलर खोलायला देत नसेल तर उत्तर मिळालंच.

बारचं टोक, चेन, कव्हर फुटलंय का हे सगळं नंतर, ते पैशानं मिळतं.

५. किती पैसे द्यावेत?

आकडा सांगणार नाही, गावागणिक बदलतो. माझा हिशोब असा: पिस्टन-सिलिंडर किट, कार्बोरेटरचं किट, पेट्रोलची नळी, बार आणि चेन, एवढ्याची किंमत आधी दुकानात विचारून ठेवायची, तेवढी वजा करून जे उरतं तेच मशीनचं मोल. "चालू कंडिशन" म्हणून पैसे मागत असेल तर थंड मशीन तुमच्यासमोर सुरू करून दाखवलं तरच, नाहीतर भंगाराचा भाव.

६. एकाने स्टिल ०७० दाखवली, जर्मन आहे म्हणतो. ओरिजिनल कशी ओळखायची?

०७० म्हणजे १०६ सीसीचं धूड, आणि मोठ्या लाकडासाठी आशियात एवढं वापरलं गेलं की त्याच्या चिनी नकला ढिगानं आल्या. स्टिकरवर अजिबात जाऊ नका, स्टिकर कुणीही छापतो. धातूत उमटलेली अक्षरं बघा. ओरिजिनलच्या मोठ्या कास्टिंगवर, आतल्या बाजूलाही, पार्ट नंबर आणि कंपनीचं नाव स्वच्छ कोरीव असतं. नकलेत नाव गुळगुळीत केलेलं किंवा कडा खडबडीत, स्क्रूची डोकी मऊ, जोडाच्या रेषा जुळत नाहीत. सिरियल नंबर क्रँककेसवर ठोकलेला हवा.

आणि बघा, नकली असलं तरी शिकायला वाईट नाही, सगळं उघडून परत बसवायचा सराव होतो. फक्त ओरिजिनलच्या भावात घेऊ नका. ०७० ला एक वेगळाच मुद्दा आहे, त्याच्यासाठी १८ वाचा.

७. हत्यारं कुठली लागतील?

टी-२७ टॉर्क्स पाना (स्टिलचे बहुतेक स्क्रू ह्याच मापाचे, लांब दांड्याचा घ्या), ४ आणि ५ चे ॲलन की, १९-१३ चा एकत्र पाना म्हणजे १९ ची बाजू प्लगला आणि १३ ची बारच्या नटांना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या), गोल फाइल, कॉम्प्रेशन गेज. नायलॉनची दोरी हातभर. आणि अंड्याचा रिकामा ट्रे, स्क्रू ठेवायला.

कॉम्प्रेशन गेजबद्दल एक गोष्ट. गाडीच्या गॅरेजमधलं लांब नळीवालं गेज लहान इंजिनवर कमी आकडा दाखवतं, कारण नळीतली हवा पण त्याच इंजिनाला दाबावी लागते. ज्याचा व्हॉल्व्ह नळीच्या प्लगकडच्या टोकाला आहे असंच घ्या. मोठ्या मशीनला १५० पीएसआय आणि वर असेल तर छान, ११० च्या खाली गेलं की सिलिंडर उघडायची तयारी ठेवा.

८. दोरी ओढून ओढून हात दुखले, मशीन सुरूच होत नाही. कुठून सुरू करू?

दोरी ओढणं थांबवा आणि प्लग काढा. प्लग ओला की कोरडा, इथून दोन रस्ते फुटतात.

ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी बघायची. प्लगला टोपी लावून त्याचं लोखंड सिलिंडरच्या पत्तीला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि दोरी ओढा. निळी ठिणगी हवी. प्लगचा गॅप ०.५ मि.मी. ठिणगी नाही तर आधी बंद करायच्या बटणाची वायर कॉइलवरून काढून परत बघा, पुष्कळदा ती वायर कुठेतरी सोललेली आणि बॉडीला टेकलेली असते. तरी नाही तर कॉइल. कॉइल आणि फ्लायव्हीलच्या (क्रँकवरच्या चुंबकवाल्या चाकाच्या) मधली फट ०.२ ते ०.३ मि.मी. असते, साधं व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून कॉइल चिकटू द्यायची, स्क्रू आवळायचे, कार्ड ओढून काढायचं. झालं.

कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. टाकीतला फिल्टर, नळी (वाकवून बघा, भेगा पडलेल्या असतात), टाकीचा श्वास घ्यायचा व्हेंट, आणि मग कार्बोरेटर. खात्री करायची तर प्लगच्या भोकातून मिक्स पेट्रोलचे चार थेंब टाकून प्लग लावा आणि ओढा. दोन सेकंद भडकून बंद पडलं तर बाकी मशीन ठीक आहे, कार्बोरेटरच्या मागे लागा.

ठिणगी पण आहे, पेट्रोल पण आहे, तरी नाही? मफलर काढून बघा. कोकणात कुंभारमाशी मफलरच्या तोंडात मातीचं घर करून ठेवते आणि आपण इकडे कॉइल बदलत बसतो.

९. सुरू होतं पण ॲक्सिलेटर दिला की मरतं. स्क्रू किती फिरवू?

आधी एकही स्क्रू फिरवू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनच्या कार्बोरेटरमधले पातळ रबरी पडदे पापडासारखे कडक होतात, ते बदलल्याशिवाय स्क्रू फिरवून काही साधत नाही. वॉलब्रो, झामा, टिलॉटसन यातला कुठला आहे ते कार्बोरेटरवर लिहिलेलं असतं, त्याच नंबरचं किट आणा. दोन्ही बाजूंची झाकणं खोलताना मोबाइलवर फोटो काढा, कारण गॅस्केट आधी की पडदा आधी हे दोन्ही बाजूंना सारखं नसतं आणि उलट बसलं तर मशीन कधीच नीट चालत नाही. आतली बारीक जाळी पण साफ करा, सगळी घाण तिथेच.

मग ट्यूनिंग. एल (कमी वेगाचा) आणि एच (पूर्ण वेगाचा) दोन्ही स्क्रू हलक्या हातानं आत टेकेपर्यंत फिरवायचे आणि एक-एक फेरा बाहेर, इथून सुरुवात. मशीन पाच मिनिटं तापू द्या. एल असा ठेवा की ॲक्सिलेटर दिल्यावर मशीन न अडखळता उठेल. आयडलच्या तिसऱ्या स्क्रूने चेन फिरायची थांबेपर्यंत कमी करा. एच महत्त्वाचा. रिकाम्या मशीनला पूर्ण ॲक्सिलेटर दिला की आवाज थोडा फाटका, भुरभुरा यायला हवा, आणि लाकडात घातल्यावर तोच आवाज साफ व्हायला हवा. रिकाम्यावरच शिट्टीसारखा स्वच्छ, चढा आवाज येत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजेच ऑइल पण कमी पडतंय, आणि असं मशीन तुम्ही थोड्या दिवसांत ११ नंबरच्या प्रश्नात घेऊन याल. एच स्क्रू बाहेर घ्या. आवाज कानाला छान वाटतो म्हणून तसाच ठेवणारे लोक मी बघितलेत.

१०. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं? आणि आता ते ई-२० पेट्रोल, त्याने मशीन खराब होतं म्हणतात ते खरं का?

स्टिलचं स्वतःचं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. दुसरं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर स्टिलच्याच मॅन्युअलप्रमाणे २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली. ज्या मशीनचा इतिहास माहीत नाही त्याला मी ४० मिली घालतो, धूर झाला तर झाला. बाटलीत आधी हलवून मगच टाकीत, आणि मोजायला औषधाच्या बाटलीचं माप वापरा, अंदाजपंचे नको.

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि त्याचा त्रास खरा आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी वाढलं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं, त्यात कार्बोरेटरला गंज धरतो, आणि जुन्या मशीनच्या नळ्या-पडदे त्यात फुगतात नाहीतर चिकट होतात, ही मशिनं बनली तेव्हा असलं पेट्रोल कुणाच्या डोक्यात नव्हतं. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं, त्यामुळे एच स्क्रू पूर्वीपेक्षा थोडा बाहेर लागतो. उपाय दोन. महिन्याभरात संपेल एवढंच मिक्स करा. आणि काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल वेगळं काढायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका, इथेनॉल गेलं की पेट्रोलचा ऑक्टेन पण उतरतो.

११. सिलिंडरमध्ये ओरखडे आहेत. नवीन टाकू की तोच चालेल?

आधी नखानं बघा. ओरखडा म्हणून जे दिसतं ते बऱ्याचदा सिलिंडर कापला गेलेला नसतो, पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून त्याच्यावर चिकटलेलं असतं. खालचं कडक प्लेटिंग शाबूत असेल तर सिलिंडर वाचतो आणि फक्त पिस्टन आणि रिंग बदलून काम होतं. ओरिजिनल सिलिंडर साफ करून वापरलेला हा बाजारातल्या स्वस्त नव्या किटपेक्षा कधीही बरा, हे माझं ठाम मत आहे.

चिकटलेलं ॲल्युमिनियम काढायला म्युरिॲटिक ॲसिड चालतं, संडास साफ करायला मिळतं तेच. कापसाच्या काडीने फक्त डागावर लावायचं, फेस येतो, पुसायचं, परत लावायचं, फेस यायचा थांबला की ॲल्युमिनियम संपलं. पाण्याने भरपूर धुवा, सुकवा, ऑइल लावा. हे उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या हवा-धूर जायच्या भोकांच्या कडांना लागू देऊ नका, तिथे प्लेटिंगखालचं ॲल्युमिनियम उघडं असतं आणि ॲसिड ते खातं.

आता अपवाद. जुन्या काही मशिनांच्या सिलिंडरला क्रोमचं प्लेटिंग असतं, आणि हे ॲसिड क्रोमलाही खातं. खात्री नसेल तर ॲसिड विसरा, बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून हातानेच घासा. वेळ लागतो. लागू दे.

१२. नवीन पिस्टन टाकला, पंधरा दिवसांत परत जाम. पार्ट डुप्लिकेट होता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा पार्टची चूक नसते. पहिला पिस्टन कशामुळे गेला हे न शोधता दुसरा टाकला की तो पण जाणारच.

जुना पिस्टन फेकलात का? फेकू नका, तोच सांगतो. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर मिश्रण पातळ पडलं, म्हणजे कार्बोरेटर किंवा कुठून तरी फुकटची हवा आत येतेय. चारी बाजूंनी ओरखडे म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल घालायलाच विसरले, कामगार बदलला की हे हमखास होतं. इनटेकच्या बाजूला मॅट, घासल्यासारखा राखाडी पट्टा म्हणजे एअर फिल्टर फाटलेला आणि भुसा-धूळ आत गेली.

हवा कुठून येते? क्रँकच्या दोन्ही टोकांचे सील, कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबरी बूट, सिलिंडरच्या खालचं गॅस्केट. हे डोळ्यांनी दिसत नाही, प्रेशर टेस्ट लागते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा मफलरच्या खाली दाबून एक्झॉस्ट बंद करा, इनटेकला तशीच पट्टी आणि त्यातून एक नळी. कंपनीचा पंप महाग असतो. घरात जुनं हवा भरायचं बीपीचं यंत्र असेल तर त्याचा फुगा आणि काट्याचं घड्याळ लावा, ३०० पर्यंत भरलं की ते ०.४ बार होतं, टेस्टला ०.५ लागतं, तेव्हा कामाला पुरतं. फ्लायव्हील आणि क्लच काढून (१३ बघा) सीलवर साबणाचं पाणी सोडा आणि काटा बघत बसा. काटा उतरतोय आणि बुडबुडे आले, चोर सापडला. क्रँक फिरवून दोन-तीन जागी बघा.

किचकट भाग असा की सील आतून दाब दिला की घट्ट बसतं आणि बाहेरून हवा ओढली की उघडतं, त्यामुळे प्रेशरला पास झालेलं मशीन व्हॅक्युमला नापास होऊ शकतं. बीपीच्या यंत्राने व्हॅक्युम होत नाही. म्हणून वीस-पंचवीस वर्षांचं मशीन एकदा उघडलंच असेल तर सील मी न विचारता बदलतो, त्यांची किंमत पिस्टनच्या मानाने काहीच नाही.

१३. क्लच निघत नाही, पाना घसरतोय. हातोडा मारू का?

नको! तुम्ही बहुतेक तो उलटा आवळताय. बऱ्याच चेनसॉच्या क्लचला डावे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतो, काहींवर बाणही असतो. फ्लायव्हीलचा नट मात्र नेहमीसारखा.

पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत भरा, पण आधी पिस्टन एवढा वर आणा की एक्झॉस्टचं पोर्ट बंद होईल, नाहीतर दोरी पोर्टमध्ये कापली जाते. स्क्रू ड्रायव्हर आत घालून अडवणाऱ्यांना पिस्टनला भोक पाडून मिळतं. फ्लायव्हील पुलरनेच काढा, त्याच्या पंख्याची पाती ठोकली की तुटतात आणि मग ते थरथरतं.

१४. फ्लायव्हीलच्या खाली पॉइंट निघाले. ते काढून इलेक्ट्रॉनिक बसवू का?

पॉइंट म्हणजे ठिणगी पाडायला उघडमिट करणारी जुन्या पद्धतीची दोन टोकं. चालवायला मशीन असेल तर इलेक्ट्रॉनिक बसवा. संग्रहात ठेवायचं असेल तर पॉइंट ठेवा, ते दुरुस्त होतात. जुन्या लुना-स्कूटर केलेल्या कुठल्याही मिस्त्रीला हे काम येतं, त्याला चहा पाजा. टोकं बारीक पेपरनं घासा, मग कोरा कागद पेट्रोलमध्ये बुडवून मधून ओढा म्हणजे चिकटलेली धूळ निघते, गॅप साधारण ०.३५ ते ०.४ मि.मी., आणि कंडेन्सर जुना असेल तर नवीन टाका. फ्लायव्हीलची चावी (त्याला क्रँकवर जागेवर धरणारा छोटा तुकडा) अर्धी कापलेली नाही ना तेही बघून घ्या, ती सरकली की टायमिंग गेलं आणि बाकी सगळं बरोबर असून मशीन उलटा झटका देतं.

१५. बारवर काही लिहिलेलं नाही. चेन कुठल्या मापाची मागू?

तीन गोष्टी सांगायच्या: पिच, गेज आणि खालच्या दात्यांची संख्या. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर भागिले दोन. आपल्याकडे ३/८ लो प्रोफाइल, .३२५, ३/८ आणि ०७० सारख्या मोठ्यांना .४०४ इंच येतं. गेज म्हणजे बारच्या खाचेची रुंदी, १.१, १.३, १.५ किंवा १.६ मि.मी. दात्यांची संख्या म्हणजे खाचेत फिरणारे खालचे दाते, ते मोजा, वरचे कापणारे नाही. यातलं एक जरी चुकलं तरी चेन एकतर बसत नाही नाहीतर बारमध्ये डुलते.

फाइलचं माप: लो प्रोफाइलला ४ मि.मी., .३२५ ला ४.८, ३/८ ला ५.२, .४०४ ला ५.५. कापणाऱ्या दाताच्या पुढचा छोटा उंचवटा दातापेक्षा साधारण ०.६५ मि.मी. खाली हवा. धार लावली तरी मशीन भुसा न काढता पीठ काढतंय, तर तो उंचवटा वर राहिलाय. पण जास्त घासलात तर चेन लाकडाला हिसके मारते, ते जास्त वाईट.

दाताचा हा वळलेला आकार कुठून आला माहितीये? जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याने १९४६ मध्ये ओंडक्यात एका भुंग्याची अळी बघितली, ती डावीकडे-उजवीकडे असं दोन्ही बाजूंनी लाकूड कुरतडत जात होती. त्यावरून त्याने चेन बनवली आणि १९४७ ला ओरेगॉन राज्यात पोर्टलंडला कंपनी काढली. आजच्या चेनचं मूळ तेच.

१६. चेनला गाडीचं जळकं ऑइल चालतं ना? सगळे तेच टाकतात.

टाकतात, म्हणून त्यांचे ऑइल पंप जातात. जळक्या ऑइलमध्ये धातूचा कीस असतो, तो पंप आणि बार दोन्ही घासतो, वर ते सगळं तुमच्या बागेत उडतं. चेन ऑइल नसेल तर साधं नवीन ४० ग्रेड इंजिन ऑइल टाका. खाद्यतेल तात्पुरतं चालतं, पण मशीन तसंच ठेवलं की ते वाळून चिकट होतं आणि पंप बसतो.

१७. रंग मारून चकाचक करू की जुनाच ठेवू?

मी जुना ठेवतो. मूळ रंग सत्तर टक्के जरी शिल्लक असला तरी डिझेल आणि ब्रशनं धुवून, पुसून तसंच ठेवलेलं मशीन संग्रह करणारे जास्त मानतात. रंग उडून पांढरी भुकटी धरली असेल, आणि समुद्राजवळ ती धरतेच, तर मात्र रंगवा, कारण बहुतेक चांगल्या चेनसॉचं क्रँककेस मॅग्नेशियमचं असतं आणि खारी हवा ते खात जाते. एचिंग प्रायमर (धातूला पकड धरणारा) मारल्याशिवाय मॅग्नेशियमवर रंग टिकत नाही.

महत्त्वाचं: मॅग्नेशियम ग्राइंडरला लावू नका. त्याची भुकटी पेट घेते आणि त्या आगीवर पाणी मारलं तर ती अजून भडकते, कोरडी वाळू लागते. हातानेच घासा, कचरा लगेच उचला.

१८. माझ्या ०७० ला चेन ब्रेकच नाही. चालवली तर चालेल का?

दाखवायला सुरू करा, आवाज ऐका, जमिनीवर पडलेल्या ओंडक्यात एखादा काप घ्या. रोजच्या कामाला नाही, झाडावर चढून तर अजिबात नाही. बारच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की मशीन क्षणात उलटून तोंडाकडे येतं, माणसाला कळायच्या आत. स्टिलने १९७२ मध्ये चेन ब्रेक, म्हणजे अशा वेळी चेन झटकन थांबवणारा ब्रेक आणला तो ह्याच्यासाठीच. जुन्या मशिनांना हँडलखाली रबर पण नसतं, अर्धा तास धरलं की बोटं बधिर होतात, आणि रोज धरलं तर पांढरी पडायला लागतात.

ज्या मशीनला ब्रेक आहे त्याचा ब्रेक खरंच लागतो का हे मी कार्बोरेटरच्या आधी बघतो. ब्रेकचा पट्टा झिजलेला, आत भुसा भरलेला, आणि कुणी तरी "मध्ये येतो" म्हणून पुढचं हँडगार्ड कापून टाकलेलं, हे सगळं भेटतं. बूट, चष्मा, कानाला मफ, चेनसॉची पँट. लुंगी आणि स्लीपरवर टेस्टिंग करतानाचे व्हिडिओ मला पाठवू नका.

१९. घरात चार-पाच मशिनं ठेवली तर वनखातं विचारेल का?

छंद म्हणून दुरुस्त करताय तर बिलं आणि कुणाकडून घेतली त्याच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. प्रश्न येतो तो कापण्याचा. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ अशी झाडं आहेत, ती स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगी लागते. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण. टेस्टिंगला पडलेली फांदी किंवा वखारीतला टाकाऊ तुकडा पुरतो.

२०. मुलगा अमेरिकेत असतो, तिकडे गॅरेज सेलला जुनी मॅककुलोक स्वस्त मिळते. बॅगेतून आणता येईल?

वापरलेलं पेट्रोल इंजिन बहुतेक एअरलाइन घेत नाहीत, धुवून आणलं तरी वास राहतो आणि विमानतळावर काढून ठेवतात. त्याला सांगा पार्ट पाठव. न वापरलेले कार्बोरेटर किट, सील, पॉइंट, जुन्या मॉडेलच्या रिंगा, ह्या गोष्टी हलक्या असतात आणि इकडे मिळत नाहीत. तिकडे राहणाऱ्या मराठी लोकांनी मात्र जरूर जमवाव्यात, तिकडे हा छंद इकडच्यापेक्षा शंभर पट सोपा आहे.

२१. पावसाळ्यात मशिनं कशी ठेवायची?

पेट्रोल काढून (१०), प्लगच्या भोकातून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल टाकून दोन वेळा दोरी हळू ओढायची, मग पिस्टन वर आणून ठेवायचा म्हणजे पोर्ट बंद राहतात. बार आणि चेन काढून ऑइल लावून वेगळी. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत घाम धरतो, जुन्या सुती चादरीत ठेवा. मफलरच्या तोंडात कापडाचा बोळा, कारण ८ मध्ये सांगितलंय. महिन्यातून एकदा दोरी ओढा.

२२. मशीन सुरू झालं पण बटण दाबलं तरी बंदच होत नाही, उलट आवाज चढत जातो. काय करायचं?

चोक ओढा. बटण चालत नसेल तर चोकने पेट्रोल जास्त होऊन मशीन गुदमरतं आणि बंद पडतं. तेही जमलं नाही तर ब्रेक लावून बार ओंडक्यात दाबून ठेवू नका, क्लच जळतो, ॲक्सिलेटर सोडून चोक धरून ठेवा.

बटणाने बंद न होणं हा वायरचा दोष, वायर तुटली किंवा बॉडीला टेकायची जागा गंजली, सोपं काम. पण ॲक्सिलेटर सोडूनही आवाज आपोआप चढतोय ही वेगळी गोष्ट आहे. तिथे बाहेरची हवा आत येतेय, बूट फाटलाय नाहीतर सील गेलंय, आणि प्रत्येक मिनिटाला पिस्टन थोडा थोडा खराब होतोय. आयडलचा स्क्रू कमी करून "झालं ठीक" म्हणणारे मिस्त्री आहेत, त्यांचं ऐकू नका. मशीन परत सुरू करू नका, १२ मधली टेस्ट करा, आणि बुडबुडा सापडेपर्यंत पिस्टनचं किट विकत घेऊ नका.